मागच्या भिंतीवरचे बारा फोटो

(हितचिंतक व देणगीदारांच्या वार्षिक मेळाव्यात आमच्या एका क्षेत्र-कार्यकर्तीने केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात आलेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



दर वर्षी या मेळाव्यात मी आकड्यांचा कागद घेऊन उभी राहते. वसतिगृहात किती मुलं, दहावीला किती पास, किती पाड्यांवर आरोग्य शिबिरं झाली. ते आकडे या वर्षीही आहेत, आपल्या हातातल्या अहवालात छापलेले आहेत. ते सवडीने वाचा, ही विनंती. मला दिलेला वेळ मात्र मी आज मागच्या भिंतीला देणार आहे.

आत येताना आपण ते बारा फोटो पाहिले असतील. चहाच्या वेळी एका भगिनीने मला विचारलं, "हे पर्यटन खात्याचे का?" तसे ते नाहीत. आपल्या वसतिगृहातल्या एका मुलाने ते काढले आहेत. तेव्हा तो नववीत होता. वारली समाजाचा, पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. फोटो लावायला त्याने परवानगी दिली, नाव सांगायला दिली नाही. म्हणून आज मी त्याला नुसतं 'तो मुलगा' म्हणणार आहे.

त्याच्या हातात कॅमेरा कसा आला, ते आधी सांगते. आपल्यापैकीच कोणीतरी दिवाळीत जुन्या कपड्यांचं खोकं पाठवलं होतं. त्यात स्वेटरच्या घडीत एक छोटा डिजिटल कॅमेरा निघाला. शर्टच्या खिशात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. घरात सगळ्यांकडे चांगले मोबाईल आले की असे कॅमेरे कपाटात पडून राहतात. याच्या सेलच्या झाकणाचा खटका तुटला होता. त्या मुलाने तो उलटापालटा करून पाहिला, झाकणाला रबरबँड लावला आणि विचारलं, "ताई, हा चालेल का?"

साधे सेल घातले तर पंधरावीस फोटोंत संपायचे. मग कार्यालयातल्या घड्याळासाठी आणलेले चार्ज होणारे सेल त्याला दिले. कॅमेरा चालला.

नाताळच्या सुट्टीला तो पाड्यावर निघाला, तेव्हा मीच म्हटलं, "घेऊन जा. चांगले फोटो काढून आण." माझ्या मनात स्वार्थ होता, हे आज कबूल करते. आपल्या त्रैमासिकाचा पुढचा अंक तोंडावर होता आणि माझ्याकडे फोटो नव्हते. वाटलं, मुलगा पाड्यावरचाच आहे, घराघरांत शिरेल, म्हातारीकोतारी, लहान पोरं, चुली असं काहीतरी आणेल.

तो परत आला. मी कार्ड संगणकाला लावलं. डोंगर, माळ, झाड, पुन्हा डोंगर, आभाळ. शंभरावर फोटो आणि एकातही माणूस नाही. मी जरा चिडूनच म्हटलं, "अरे, यात माणसं कुठे आहेत?"

तो म्हणाला, "माणसांचे तर सगळेच काढतात, ताई."

तेव्हा मला ते उलट उत्तर वाटलं. पण त्या रात्री मला आमचीच एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती आपल्यापुढे सांगणं मला भाग आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका आरोग्य शिबिरात मी एका लहान मुलीचा फोटो काढला होता. फाटका फ्रॉक, गालावर ओघळ. आपल्या त्रैमासिकाच्या मुखपृष्ठावर तो छापला. लोकांची मनं हेलावली, त्या वर्षी देणगी चांगली आली. पुढे ती मुलगी आपल्याच वसतिगृहात शिकली, मोठी झाली. एकदा कपाट आवरताना तिला तो अंक सापडला. ती माझ्याकडे घेऊन आली. रागावली नव्हती. इतकंच म्हणाली, "ताई, मी त्या दिवशी इंजेक्शनला भिऊन रडत होते. माझी आई शेजारीच उभी होती. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. फोटोत तो दिसत नाही."

तो हात मी कापला होता. मुखपृष्ठाच्या मापात बसवण्यासाठी कडेने फोटो छाटला, त्यात आई गेली. माझा हेतू वाईट नव्हता. पण आईजवळ उभी असलेली मुलगी मी आपल्या सर्वांपुढे अनाथासारखी उभी केली. आणि त्या फोटोवर पैसे आले.

म्हणून त्या मुलाच्या बोलण्यावर मी गप्प बसले, आणि त्याचे फोटो पुन्हा एकेक करून बघायला लागले.

खरं सांगायचं तर ते पहिले फोटो वाईट होते. क्षितिज कलतं, आभाळ पांढरंफटक, डोंगर काळाठिक्कर. लांबचं जवळ आणण्यासाठी त्याने झूमचं बटण शेवटपर्यंत दाबलेलं, त्यामुळे झाडं चौकोनी ठिपक्यांची झालेली. मला यातलं काही कळत नाही. जव्हारला लग्नाचे फोटो काढणारे एक भाऊ आहेत, त्यांच्याकडे त्याला नेलं. त्यांनी एक रविवार दिला. पैसे घेतले नाहीत. त्यांनी जे शिकवलं ते मीही बाजूला बसून ऐकलं, आणि ते थोडं आपल्याला सांगते. पुढच्या गोष्टीत त्याचा उपयोग आहे.

पहिली गोष्ट. एका हद्दीपुढचा झूम खोटा असतो. कॅमेरा तिथे जवळ जात नाही, हाती असलेलंच चित्र ताणून मोठं करतो. जवळचं हवं असेल तर पायांनी चालत जा.

दुसरी गोष्ट. या छोट्या कॅमेऱ्याच्या आत प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, तो करंगळीच्या नखापेक्षाही लहान. उजेड कमी झाला की चित्रात रवा पडतो आणि हात हलला की सगळं पुसट होतं. म्हणून पहाटे-संध्याकाळी कॅमेरा दगडावर ठेवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढून घ्यायचा.

तिसरी गोष्ट. बटण एकदम दाबायचं नाही. अर्धं दाबायचं, थांबायचं. कॅमेरा नजर जुळवतो, पडद्यावर हिरवी चौकट येते. तेव्हा चारही कोपरे बघायचे आणि मग पूर्ण दाबायचं.

चौथी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. कॅमेऱ्याला असं शिकवलेलं असतं की समोरचं जग सरासरी मध्यम करड्या उजेडाचं आहे. म्हणून पांढरंशुभ्र धुकं समोर आलं की तो त्याला करडं करतो. काळी जमीन समोर आली की तिलाही उजळून करडी करतो. दोन्हीकडे तो चुकतो. त्याला सांगावं लागतं. अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं. धुक्याला अधिक करायचं, काळ्या जमिनीला उणे. तेव्हा धुकं धुक्यासारखं आणि काळी जमीन काळी दिसते.

आमच्या भागात या दोन्ही गोष्टी आहेत. आषाढात दहा पावलांवरचं दिसत नाही असं धुकं, आणि चैत्र-वैशाखात राबाची काळी जमीन. ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भात-नागलीची रोपं जिथे करायची, त्या तुकड्यावर पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, शेण पसरतात आणि पावसाच्या आधी ते भाजतात. डोंगराच्या उतारावर असे काळे चौकोन दिसू लागले की समजायचं, शेतीचं वर्ष सुरू झालं.

त्या रविवारनंतर त्या मुलाने एकच केलं. पाड्याच्या वरच्या अंगाला एक मोठा खडक आहे. त्यावर कॅमेरा ठेवायची जागा त्याने ठरवली, कोळशाने खूण केली, आणि घरी गेला की प्रत्येक वेळी तिथूनच फोटो काढला. रविवारी, सणाला, मे महिन्याच्या सुट्टीत. पुढचा नाताळ येईपर्यंत. तेच डोंगर, तोच पाडा, तीच वाट.

एक घोटाळा झाला. सेल काढले की त्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जायचं. सगळ्या फोटोंवर एकाच जुन्या वर्षाच्या १ जानेवारीची तारीख पडत होती. मग त्याने गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक फोटोचा नंबर, वार, वेळ आणि हवा लिहायला सुरुवात केली. "ढग. सकाळचे साडेसात. नागली कमरेएवढी." अशा नोंदी.

मागच्या जूनमध्ये या कार्यक्रमासाठी त्यातले काही फोटो मी मोठे करून घेतले. रात्री वसतिगृहाच्या हॉलमध्ये जमिनीवर ओळीने मांडले. आपण नंतर भिंतीजवळ जाल, तेव्हा त्याच क्रमाने पाहा.

पहिला फोटो नाताळचा, सगळ्यांत जुना, थोडा कलता. मुद्दाम तोच ठेवला आहे. पाचवा वैशाखातला, राबाचे काळे चौकोन. सहावा त्यानंतरचा. त्यात नदीचं कोरडं पात्र आहे आणि पाड्यापासून पात्रापर्यंत गेलेली एक पांढरी रेघ. ती पाऊलवाट आहे. पात्रात खड्डा खोदून बायका पाणी भरतात, रोज त्याच वाटेने, म्हणून ती इतकी पांढरी. सातवा आषाढातला, धुकं. नववा भाद्रपदातला. उतारावर नागली, मध्ये खुरासणीच्या फुलांचे पिवळे पट्टे, आणि प्रत्येक छपरावर धूर.

तो धूर पाहून मी थबकले. पुन्हा पहिल्या फोटोकडे गेले. तीच घरं. मी मोजली, तेवीस. धूर फक्त दोन छपरांवर. दारांना आडवे बांबू बांधलेले.

सकाळी मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "भट्टीवर गेलेत ना, ताई."

दिवाळी झाली की आमच्या पाड्यांवरची कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला जातात. भिवंडी, वसई आणि आणखी लांब. शिमग्याला दोन दिवस येतात, परत जातात, पावसाच्या तोंडावर घरी येतात. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी स्वतः स्थलांतराचे अहवाल लिहिले आहेत. त्या मुलाचे आईवडीलही जातात, तो आजीजवळ राहतो. तरी त्याचा पहिला फोटो बघून मी विचारलं होतं, माणसं कुठे आहेत. माणसं नाहीत हेच त्या फोटोत होतं. ते त्याने टिपलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण मुंबईहून आलात, म्हणून सहाव्या फोटोबद्दल एक गोष्ट सांगते. मोखाडा तालुक्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वैतरणा याच भागातून वाहते. अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडकसागर या तिन्ही धरणांचं पाणी मुंबईला जातं. आज सकाळी आपण ज्या पाण्याने अंघोळ केलीत, त्यात ते असेल. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मी हे दोष देण्यासाठी सांगत नाही. मुंबईच्या लोकांनीही पाणी प्यायलाच हवं. पण आपण पावसाळ्यात दाभोसाचा धबधबा बघायला येतो, फोटो काढतो आणि म्हणतो, काय पाणी आहे इथे! तो फोटो खोटा नाही. फक्त तो श्रावणातला असतो. त्याच जागेचा वैशाखातला फोटो शेजारी लावला, तर गोष्ट पुरी होते.

फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांना अन्सेल अ‍ॅडम्स हे नाव सांगतात. जव्हारच्या भावांनीही सांगितलं. अमेरिकेतल्या डोंगरांचे फार मोठे फोटोग्राफर. १९१६ साली ते चौदा वर्षांचे असताना घरच्यांबरोबर योसेमिटी खोऱ्यात गेले, तेव्हा वडिलांनी त्यांना कोडॅकचा साधा ब्राउनी कॅमेरा दिला. तिथून सुरुवात झाली. पुढे त्यांच्या फोटोंनी मोठी कामं केली. १९३८ साली निघालेल्या त्यांच्या सिएरा नेवाडा पर्वताच्या फोटोंच्या पुस्तकाची १९४० मध्ये किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान होण्यास मदत झाली. चौदा वर्षांच्या मुलाला साधा कॅमेरा देणं ही लहान गोष्ट नव्हे, हे यावरून दिसतं.

पण त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्या योसेमिटीचे ते सुंदर, निर्मनुष्य फोटो आपण पाहतो, ते खोरं निर्मनुष्य नव्हतं. तिथे आदिवासी राहत होते. १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी खोऱ्यात शिरली आणि त्यांना हुसकावलं. सुंदर आणि रिकामी जागा पाहिली की बघणाऱ्याला वाटतं, इथे कोणी नव्हतंच.

आपल्याकडेही हेच झालं. इंग्रजांच्या वन कायद्यांनी डोंगर 'जंगल' म्हणून नोंदवले, आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या नागली पिकवणारा माणूस अतिक्रमण करणारा ठरला. ही चूक दुरुस्त करण्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला ग्रामसभेमार्फत दावा करता येतो. नियमांत निदान दोन पुरावे मागितले आहेत. सरकारी कागद नसला तरी जमिनीवरच्या खुणा चालतात. बांध, विहीर, घर, स्मशान, देवाची जागा. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो.

त्या मुलाच्या आजोबांनी आणि मग वडिलांनी जो तुकडा कसला, त्याचा दावा एकदा परत आला होता. कारण दिलं, पुरावा अपुरा. जागेची पाहणी झाली ती भर दुपारी. पाहणीला आलेल्या साहेबांनी समोर बघितलं आणि विचारलं, "शेत कुठे आहे? हा तर माळ आहे."

इथे या छोट्या कॅमेऱ्याची पुढची गोष्ट येते. त्या मुलाला वर्षभरात कळलं होतं की भर दुपारी काढलेला डोंगराचा फोटो सपाट येतो. ऊन डोक्यावरून पडतं, सावल्या मरतात. सकाळी सात-साडेसातला ऊन तिरपं येतं, तेव्हा वीतभर उंचीच्या बांधालाही लांब सावली पडते. दुपारी जो माळ दिसतो, तोच सकाळी पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. वहीत वेळ लिहीत गेला, त्यातून लक्षात आलं.

एका रविवारी तो पहाटे जाऊन बसला आणि वडिलांच्या तुकड्याचे सहा फोटो काढले. सहाही फोटोंत बांध स्वच्छ दिसतात. एका बांधाच्या दगडांमधून ऐनाचं झाड उगवलं आहे. त्याचं खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावत नाही. झाडाने दगडांना धरून ठेवलं आहे. दगड आधी रचले गेले, झाड नंतर वाढलं, हे बघणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मी आपली फसवणूक करणार नाही. आजचा फोटो २००५ चा पुरावा होत नाही. कॅमेऱ्यावरची तारीख तर चुकीचीच होती. पण नकाशाचा कच्चा आराखडा, आजीच्या वयाच्या दोघांचे जबाब आणि हे फोटो, असं सगळं जोडून दावा पुन्हा गेला आहे. निदान फेरपाहणीला या, आणि सकाळी या, अशी विनंती आम्ही लेखी केली आहे. निकाल अजून लागलेला नाही. आपल्या प्रार्थनेत हा विषय असू द्या.

मी थिऑलॉजीचा डिप्लोमा करत होते तेव्हा मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायावर वर्गात वाद झाला होता. बेथसैदाचा आंधळा. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. मग प्रभू पुन्हा हात ठेवतो, आणि त्याला सगळं स्पष्ट दिसू लागतं. आम्ही विद्यार्थी भांडत होतो की प्रभूला दोनदा हात का ठेवावे लागले. एकदा पुरला नसता का?

आज मला त्या वादात रस उरलेला नाही. मला त्या माणसाचा प्रामाणिकपणा दिसतो. पहिल्या वेळीच तो "दिसलं, दिसलं, धन्यवाद" म्हणून निघून गेला असता, तर आयुष्यभर माणसांना झाडं समजत राहिला असता. तो म्हणाला, दिसतं, पण नीट नाही. आम्ही सेवाकार्य करणारी माणसं पहिल्या स्पर्शावर निघून येतो. गरिबी दिसते, लगेच अहवाल लिहितो, फोटो काढतो. मी वीसेक वर्षं पाड्यांवर फिरते आहे. मला माणसं दिसत होती, पण त्यांच्या पायाखालची जमीन कापलेली, जसा त्या मुलीच्या खांद्यावरचा हात कापला होता. आणि वनखात्याच्या नकाशाला जमीन दिसते, माणूस कापलेला. नीट दिसण्यासाठी पुन्हा बघायला हवं होतं. ते मला एका नववीच्या मुलाने, रबरबँड लावलेल्या कॅमेऱ्याने शिकवलं.

आता बाराव्या फोटोबद्दल. त्या एका फोटोत माणूस आहे. शोधावा लागतो. डाव्या बाजूला, वरून तिसऱ्या बांधावर एक लहानसा पांढरट ठिपका. ती त्याची आजी. पुढच्या नाताळातला हा फोटो, पाडा पुन्हा रिकामा. मी हा फोटो पाहिला आणि जुनी सवय कुठे जाते? म्हटलं, "अरे, आजीला जरा मोठी घ्यायचीस ना. चेहरा दिसला असता."

तो म्हणाला, "तिथून आजी तेवढीच दिसते, ताई."

त्याची आजी लग्नघरी भिंतीवर चौक लिहायला जाते. तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ, गेरूची भिंत. आपण सर्वांनी वारली चित्रं पाहिली आहेत. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रांत कोणाचाच चेहरा रंगवलेला नसतो. दोन त्रिकोणांची माणसं, पण प्रत्येक जण काहीतरी करत असतो. कोणी आवणी करतं, कोणी पाणी आणतं, आणि त्याच भिंतीवर डोंगर, झाडं, जनावरं. माणूस तिथे जेवढा असतो, तेवढाच काढलेला असतो. त्या मुलाने घरची भिंत पाहिली होती. मी माझ्या अंकाचं मुखपृष्ठ पाहत होते.

शेवटी तीन गोष्टी, आणि मी बसते.

पहिली आमच्यासाठी. संपादकांशी माझं बोलणं झालं आहे. यापुढे आपल्या त्रैमासिकात ज्याचा फोटो छापायचा त्याला, मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना, आधी दाखवून विचारलं जाईल. आणि फोटोखाली तो कुठला, कोणत्या महिन्यातला आणि त्यात काय चाललं आहे, हे लिहिलं जाईल. रडणारा एकटा चेहरा मुखपृष्ठावर येणार नाही. यामुळे एखाद्या वर्षी देणगी कमी येईल, अशी भीती मला आहे. ती भीती मी आपल्या हाती सोपवते.

दुसरी आपल्यासाठी. आपल्या कपाटांत असे जुने कॅमेरे पडून असतील तर चार्जर आणि कार्डासकट आमच्याकडे पाठवा. महागडे नवे घेऊ नका. आठवी-नववीच्या चार-पाच मुलामुलींनी विचारलं आहे. सोबत एकेक वही मात्र नवी पाठवा, तारखा लिहायला.

तिसरी, आपण पाड्यांवर या. पावसाळ्यात तर याच, पण एकदा वैशाखात आणि एकदा नाताळानंतर या. त्या खडकापर्यंत चढायला अर्धा तास लागतो. मी घेऊन जाईन.

तो मुलगा आता आयटीआयला आहे, वायरमनच्या कोर्सला. मोठा फोटोग्राफर होईल की नाही, मला ठाऊक नाही, त्यालाही तशी घाई नाही. कॅमेरा त्याच्याकडेच आहे. आज तो इथे आलेला नाही, कारण आजीला दवाखान्यात न्यायचं होतं. त्याने निरोप दिला आहे की पहिला फोटो कलता आहे हे त्याला माहीत आहे, कोणी हसू नये.

जेवणाआधी दोन मिनिटं भिंतीजवळ थांबा. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.